जिराफाच्या आधी बाथरूमची कडी

लहान मुलांच्या वॉर्डाचं नूतनीकरण म्हटलं की सगळ्यात आधी जिराफ येतो. बैठकीत चहा यायच्या आत तो आलेला असतो. त्याच्यामागून माकड, इंद्रधनुष्य, हसरा सूर्य आणि देणगीदार जरा तरुण असेल तर छोटा भीम. मध्य मुंबईतल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डाचं काम आमच्या वास्तुविशारदांच्या लहानशा ऑफिसकडे आलं, तेव्हाही टेबलावर रंगांची कार्डं आणि जिराफाचे नमुने मांडून ठेवलेलेच होते. विश्वस्तांचा हेतू निर्मळ होता. मुलांना घरच्यासारखं वाटावं, पालकांना जरा प्रसन्न वाटावं, असं त्यांतले एक ज्येष्ठ काका पुन्हा पुन्हा सांगत होते. मी नकाशे मागितले. वॉर्डाचा मिळाला, बाथरूमचा नव्हता. "ते राहू द्या, ते फेज टूमध्ये," असं उत्तर आलं.

जिराफाशी माझं वैर नाही. पण आजारी मूल बहुतेक वेळ उताणं पडलेलं असतं आणि भिंतीवरचं चित्र दिसतं ते उभ्या माणसाला. म्हणजे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना. मुलाला दिसतो गरगरणारा पंखा, डोळ्यांत जाणारी ट्यूबलाइट, पाइपाच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक आणि पावसाळ्यात ओलीचा वाढत जाणारा डाग. साइटवर पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका रिकाम्या खाटेवर आडवी होऊन वर बघत बसले, तर मुकादम हसायला लागला. त्यानंतर त्यालाही झोपवलं. उठल्यावर तो म्हणाला, "बाई, आधी छत करूया." छत झालं. चित्रंही शेवटी तिथेच गेली, दोन पंख्यांच्या मधल्या जागेत, आणि ट्यूबलाइट खाटेच्या थेट वरून हलवून बाजूला घेतल्या.

रंगाचंही एक असतं. मुलांच्या वॉर्डाची भिंत चाटली जाते, खरवडली जाते, तिच्यावर उलटी होते, आणि हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यानं ती पुन्हा पुन्हा पुसली जाते. साधा डिस्टेंपर हे सगळं फार काळ सोसत नाही. शिवाय शिशाचा प्रश्न. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला, म्हणजे त्याआधीच्या जुन्या थरांत काय दडलंय ते सांगता येत नाही. म्हणून जुन्या खिडक्यांचा रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारून, मुलं दुसऱ्या वॉर्डात हलवून, मगच खरवडायचा. ठेकेदाराला हे पटवायला जेवढी शक्ती गेली तेवढी बाकी कशालाच गेली नसेल.

पण माझी खरी शिकवणी घेतली ती सिस्टर इन्चार्जनी. सावंतवाडीकडच्या, निवृत्तीला आलेल्या, आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाचा वॉर्डबॉय चालता चालता थांबेल. मी रंगांची कार्डं त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी बघितलीसुद्धा नाहीत. "मॅडम, रंग कुठला पण द्या. बाथरूमला कडी द्या." बायकांच्या बाथरूमचं दार आतून लागत नव्हतं. एक आई आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची, आणि तेवढ्या वेळात दोघींची मुलं खाटेवर एकटी. हे कधीपासून, असं विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला.

रात्री वॉर्ड कसा असतो ते बघायचं तर रात्रीच जायला हवं, म्हणून त्यांच्याच परवानगीनं आम्ही थांबलो. नऊनंतर दिवे मंद झाले आणि वॉर्डाची जमीन भरायला लागली. चटया, जुन्या साड्या, सिमेंटच्या पोत्याची केलेली बस्करं. प्रत्येक खाटेखाली एक बाई. डोक्याशी पिशवी, पिशवीत केसपेपर, एक्स-रे, डबा, थर्मास. ओले कपडे खिडकीच्या गजांवर आणि सलाईनच्या रिकाम्या स्टँडवर. मूल रडलं की खालून हात वर येतो, चाचपडत खाटेवर जातो आणि थोपटत राहतो, बाई झोपेतच असते. पहाटे मावशी फडका घेऊन आल्या की सगळ्यांनी उठायचं, गुंडाळायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं. नंतर राउंड. डॉक्टर विचारतात, रात्री किती वेळा जुलाब झाले, दूध किती प्यायलं, खोकल्यानंतर धाप लागली का. याची उत्तरं देणारी बाई पहाटेपासून उभी असते आणि रात्रभर फरशीवर असते. ती गोंधळली तर "आईला काही सांगता येत नाही" असं म्हटलं जातं.

त्या रात्री एक प्लगचा किस्सा झाला. भिंतीवरच्या प्लगवर एका बाळाचा सिरिंज पंप, म्हणजे शिरेतून औषध हळूहळू सोडणारं यंत्र, चालू होता आणि शेजारच्या खाटेवरच्या आईला गावी फोन करायचा होता, मोबाइल मेलेला. तिनं पंपाची पिन काढून चार्जर लावला. पंपाला बॅटरी होती, त्यामुळे त्यानं नुसतं कोकलायला सुरुवात केली, सिस्टर धावल्या, आणि मग त्या बाईला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी लिहीत नाही. सिस्टरांचा राग खरा होता. बाईची गरजही खरी होती, कारण नवरा विक्रमगडला, घरी दुसरं लहान मूल, आणि त्या फोनशिवाय तिला जगात कोणी नाही. दोष भिंतीचा होता. आता प्रत्येक खाटेशी यंत्रांसाठी जनरेटरच्या लाइनवरचे लाल प्लग वेगळे आहेत आणि आईच्या बाजूला, खाली, एक साधा पांढरा प्लग आहे. या पांढऱ्या प्लगला विश्वस्तांच्या बैठकीत "लक्झरी" म्हटलं गेलं होतं.

आईला मुलाजवळ राहू द्यायचं की नाही, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत एकेकाळी फार गंभीर होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून एखाद्या दिवशी थोडा वेळ भेटू देत, कारण ते आले की मुलं रडतात आणि वॉर्डाची शिस्त बिघडते. जेम्स स्पेन्स नावाच्या बालरोगतज्ज्ञानं न्यूकॅसलमध्ये १९२० च्या दशकातच आयांना बाळांबरोबर दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती, पण ते अपवाद. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा बरेच जण चिडले. पुढे १९५९ मध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला, आणि भेटीवरचे निर्बंध काढा, लहान मुलांच्या आयांची राहायची सोय करा, असं सरकारी कागदावर उमटलं. गप्प पडून राहणारं मूल रुळलेलं नसतं, खचलेलं असतं, हे मान्य व्हायला तिकडे इतकी वर्षं लागली.

हे वाचताना मला आधी आपल्याबद्दल अभिमान वाटला. आपण आईला बाहेर काढलंच नाही! आणि मग वॉर्ड डोळ्यांसमोर आला. आपण तिला काढलं नाही, कारण तिच्याशिवाय आपला वॉर्ड चालत नाही. औषध पाजायचं तिनं, कपडे बदलायचे तिनं, लघवीचं माप ठेवायचं तिनं, रक्ताची बाटली लॅबमध्ये पोचवायची तिनं, रिपोर्ट आणायचा तिनं, सलाईन संपत आलं की सिस्टरांना हाक मारायची तिनं. एका सिस्टरच्या वाट्याला इतकी मुलं असतात की या बायका एक दिवस संपावर गेल्या तर दुपारपर्यंत वॉर्ड बंद पडेल. काम सगळं, पण बसायला स्टूल नाही. स्टूल आहे ते डॉक्टरांच्या राउंडसाठी.

त्यामुळे आमच्या नकाशावर सगळ्यात जास्त भांडण झालं ते आईच्या अंथरुणाच्या जागेवरून. विश्वस्तांना ते खर्चिक वाटत होतं, आणि सिस्टरांना, आश्चर्य वाटेल, धोक्याचं वाटत होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन खाटांमधली जागा अडली आणि मूल अचानक निळं पडलं, तर इमर्जन्सी ट्रॉली नेणार कुठून? शिवाय बाहेरून येणारं प्रत्येक माणूस जंतू घेऊन येतं, आणि बसायला ऐसपैस जागा दिली की आईबरोबर मावशी, आत्या, काकी येतात. आपल्याकडे पेशंटला बघायला जाणं हे कर्तव्य असतं आणि कर्तव्याला माणसं टोळीनं जातात. म्हणून आम्ही ट्रॉली आणली, मुकादमानं फरशीवर खडूनं रेघा मारल्या, आणि ट्रॉली धावत नेऊन बघितली. अडली तिथे रेघ पुसली. शेवटी खिडकीखालच्या भिंतीला लागून, उघडमीट होणारी लाकडी बाकं ठरली. दिवसा बसायला, रात्री ओढली की एका बाईला पाय लांब करून झोपता येईल एवढी. खाली कप्पा, कुलूप तिचं तिनं आणायचं. कप्प्यामुळे खाटेखालच्या पिशव्या गेल्या आणि मावशींना फडका नीट मारता यायला लागला, त्यामुळे त्या पहिल्यांदा आमच्या बाजूच्या झाल्या.

खर्चाच्या बाजूनं बोलायला मला एक चांगला आधार मिळाला. कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इन्क्युबेटरच्या टंचाईत कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, ती कांगारू पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं, आणि अभ्यासातल्या रुग्णालयांपैकी एक दिल्लीचं सफदरजंग. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. आता यात वास्तुविशारदाच्या कामाची गोष्ट अशी, की त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागातच आईची खाट ठेवावी लागली. आईचं बाळंतपण नुकतंच झालेलं, तिची तपासणीही तिथेच. आमचा वॉर्ड मोठ्या मुलांचा, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मी बैठकीत सांगितलं. पण आईची खाट हीसुद्धा औषधाच्या बिलात धरायची गोष्ट असू शकते, एवढं पटायला ते पुरेसं झालं. मुंबईला तर हा विचार नवा नसावा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. आईचं दूध हे औषध म्हणून तेव्हाच मान्य झालं होतं.

दुधावरून आठवलं. एस.टी. स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, आणि आमच्या वॉर्डात अंगावर पाजायला आडोसा नव्हता. राउंडला दहा-बारा विद्यार्थी, आणि बाई पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसलेली. त्याला पडदा पुरला, पण धुता येईल असा, आणि छतापासून अंतर सोडून, म्हणजे वारा आणि सिस्टरांची नजर दोन्ही अडणार नाही.

वाऱ्यावरून दुसरं भांडण. एका देणगीदारांना अख्खा वॉर्ड वातानुकूलित करून द्यायचा होता. त्यांच्या मनात खासगी रुग्णालयाचा गारवा होता, आणि मे महिन्यातली मुंबई बघता त्यांना दोष देता येत नाही. पण आमचं वॉर्डघर ब्रिटिश काळातलं. उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या, वर झडपा. बांधणाऱ्यांना क्षयाची भीती ठाऊक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक वायुवीजनाच्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळावी असं म्हटलंय, आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत १६०. खिडक्या बंद करून भिंतीवर स्प्लिट लावले की तीच हवा थंड होऊन फिरत राहते. ज्या शहरात क्षय अजून घरोघरी भेटतो तिथे खोकणाऱ्या मुलांच्या वॉर्डात हे करायला आमच्या डॉक्टरांचाही विरोध होता. मग त्या पैशांतून झडपा दुरुस्त झाल्या, पावसाची झड येणार नाही असे छज्जे वाढवले, मच्छरजाळ्या बसल्या आणि पंखे बदलले. देणगीदार थोडे नाराज झाले. पंख्यावर नाव कसं घालणार?

नावाची ही अडचण सगळीकडेच होती. खाट द्यायला लोक तयार, कारण खाटेवर पाटी लागते. खेळघर द्यायला तयार. बाथरूमसाठी मात्र कोणी पुढे येईना. एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "वडिलांच्या स्मरणार्थ संडास, हे बरं नाही दिसत." मला हसूही आलं आणि पटलंही. शेवटी बाथरूमचे पैसे रुग्णालयाच्या दुरुस्ती निधीतून आले, आणि त्या बाथरूमवर माझा जितका जीव आहे तितका अख्ख्या वॉर्डावर नाही. कडी आहे, आणि मूल आत अडकलं तर बाहेरून उघडता येते. सलाईनची बाटली अडकवायला हूक आहे, नाहीतर पूर्वी आई एका हातानं बाटली उंच धरून दुसऱ्या हातानं मुलाचं सगळं करायची. नळ बादली मावेल एवढ्या उंचीवर. आईला अंघोळ करता येईल असा आडोसा, कोरडे कपडे ठेवायला फळी, पॅड टाकायला झाकणाचा डबा. मागच्या गॅलरीत पत्र्याखाली कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. जुलैत त्या दोऱ्यांवर जागा मिळवण्यासाठी नंबर लागतात.

आगीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वाद झालाच नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर महाराष्ट्रात लहान मुलांच्या वॉर्डात प्लायवूडचं फॉल्स सीलिंग सुचवणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. वायरिंग सगळं नव्यानं झालं, आणि जिन्यातल्या जुन्या खाटांचा ढीग भंगारात गेला.

पाट्या मात्र गमतीच्या होत्या. जुन्या वॉर्डात भिंतीभर दरडावणी. आवाज करू नये, थुंकू नये, खाटेवर बसू नये, नातेवाइकांनी गर्दी करू नये, मोबाइल चार्ज करू नये. काय करावं हे कुठेच नाही. पाणी कुठे, औषधाचं दुकान कुठे, लॅब कुठल्या मजल्यावर, रात्री काही झालं तर कोणाला उठवायचं, काही नाही. गोवंडी-मानखुर्दहून, पालघर-शहापूरहून आलेल्या बायका, काहींना मराठी वाचता येतं, काहींना हिंदी, काहींना उर्दू, काहींना कुठलंच नाही. म्हणून फरशीवर रंगीत पट्टे ओढले: पिवळा लॅबकडे, निळा औषधांकडे. आता सिक्युरिटीवाले काका "पिवळ्यावरून जा ताई" असं सांगतात आणि त्यांचाही घसा वाचतो. आवाजाची पाटी आम्ही काढलीच. रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा अशी शिफारस आहे. आमचा पंखाच त्याच्यावर जातो, बाहेरचा रस्ता तर सोडाच. त्यामुळे स्टुलांना आणि खाटांना रबर लावलं आणि गप्प बसलो.

राहिले बाबा. रात्री वॉर्डात पुरुष चालत नाहीत, आणि खाटांखाली बायका झोपत होत्या तोवर ते योग्यच होतं. पण शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही हवी म्हटलं की सगळे "वडील कुठायत?" असंच विचारतात. सहीला बाप लागतो, रात्री बाप चालत नाही. तो खाली असतो. फुटपाथवर, गेटच्या आतल्या कठड्यावर, चहाच्या टपरीशेजारी. परळच्या रुग्णालयांभोवती फिरलं की हे चित्र कोणालाही दिसेल. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, कर्करोगाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं, अशी ठिकाणं नसती तर या शहरानं काय केलं असतं कोण जाणे. पण तिथली जागाही मोजकी, आणि चार दिवसांच्या न्यूमोनियासाठी कोणी तिथे नाव घालत नाही. बाप गेटवर उभा राहून बायकोकडून ऐकतो, डॉक्टर काय म्हणाले. ती अर्धं समजलेलं सांगते, तो त्यातलं अर्धं समजतो, आणि त्यावर कर्ज काढायचं की नाही ते ठरवतो.

वॉर्डाच्या दाराबाहेर बाबांसाठी एक खोली असावी, बाकं, पाणी, एक प्लग, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून बोलायची वेळ, असा माझा प्रस्ताव होता. डॉक्टरांची वेळ मान्य झाली आणि ती बऱ्यापैकी पाळलीही जाते. खोली झाली नाही. त्या जागेत सध्या जुने केसपेपर आहेत आणि रेकॉर्ड विभाग ते हलवायला तयार नाही. सिस्टर इन्चार्ज तेवढ्यात निवृत्त झाल्या, जाताना मला सांगून गेल्या की ते गठ्ठे उघडून बघा, वरचे सोडले तर खाली सगळी वाळवी आहे.

बाकं बसल्यापासून दोनांच्या बिजागऱ्या गेल्यात, एक नळ चोरीला गेला, पिवळा पट्टा लिफ्टपाशी पुसला गेलाय. हे सगळं दुरुस्तीच्या यादीत आहे. पुढच्या मजल्याच्या वॉर्डाचं एस्टिमेट या आठवड्यात द्यायचंय. त्यात पहिल्या ओळीत बाबांची खोली टाकली आहे, दुसऱ्यात बाथरूम, आणि रेकॉर्डच्या गठ्ठ्यांसाठी वाळवीच्या औषधाचा खर्च वेगळा दाखवला आहे.